सातवी चकती

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एका पत्र्याच्या कपाटाशेजारी मी उभी असते. या कपाटात भूत आहे असं सगळं कॉलेज मानतं. पोरं जिना उतरून इथवर आली की फोन कानाला लावतात आणि मोठ्याने बोलत भरभर पुढे निघून जातात. फोनच्या पलीकडे कोणीच नसतं. कपाटात मात्र खरोखर काहीतरी आहे, आणि ते माझ्या पोटातून निघालेलं आहे. त्याबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, आत पांढऱ्या विटांचं पोट आणि त्या पोटात केसांच्या पिनेसारख्या वाकवलेल्या सहा कांड्या. वीज सोडली की या कांड्या आधी लाल होतात, मग पिवळ्या, मग बघवत नाही इतक्या पांढऱ्या. मला चंद्रपूरला ट्रकमधून आणलं तेव्हा मे महिना चालू होता. ड्रायव्हर खाली उतरला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि म्हणाला, "यहाँ भट्टी की क्या ज़रूरत है?" माझ्या कामाबद्दल व्यक्त झालेलं हे पहिलं मत.

माझं काम तसं साधं. अल्युमिना आणि झिर्कोनिया नावाच्या दोन पांढऱ्या पावडरी असतात. त्या मिसळून, साच्यात दाबून पेढ्यासारखी चकती करतात. ही कच्ची चकती खडूसारखी असते, नखाने ओरखडली तरी भुकटी निघते. ती माझ्या पोटात ठेवायची आणि हळूहळू तापवायची. पावडर वितळत नाही बरं का. तिचे दाणे शेजारच्या दाण्यांना चिकटतात, मधल्या रिकाम्या जागा मिटत जातात, चकती अंग आवळून लहान होते आणि लोखंडाला चरा पाडेल इतकी कडक होऊन बाहेर येते. शिकलेली माणसं याला सिंटरिंग म्हणतात. लॅबचे शिपाई मुखरूभाऊ याला 'शिजवणं' म्हणत. मला त्यांचाच शब्द पटतो, कारण यात स्वयंपाकाचे सगळे नखरे आहेत. आच कमी पडली की आत छिद्रं राहतात आणि चकती बिस्किटासारखी मोडते. घाईने तापवली की बाहेरून आवळते आणि आतला वायू आतच कोंडतो. गरम असताना दार उघडलं की तडकते, आणि उघडणारा "मी नाही उघडलं" म्हणतो.

आणि आच जास्त झाली तर? तेव्हा चकती फार सुंदर दिसते, मित्रांनो. गोम इथेच आहे.

जास्त आचेत दाणे मोठे व्हायला लागतात. मोठा दाणा लहान शेजाऱ्याला गिळतो. दोघांमधला धुरा, म्हणजे बांध, सरकत सरकत नाहीसा होतो आणि याची तक्रार कुठल्याही तहसील कार्यालयात होत नाही. वरून बघावं तर चकती तुकतुकीत. पण झिर्कोनियाचे दाणे म्हणजे दबा धरून बसलेले पहारेकरी असतात. लहान असेपर्यंत ते गप्प बसतात. कुठून तडा येताना दिसला की अंग फुगवून त्याची वाट अडवतात. म्हणून तर ही चकती कपबशीसारखी सहज फुटत नाही. तेच दाणे मोठे झाले की पहारेकऱ्यांचं डोकं फिरतं. तडा यायची वाट कोण बघतो? नुसती ओल लागली, वाफ लागली, की एकेक जण आपला आपण फुगतो आणि शेजाऱ्याला ढकलतो. मग आतून बारीक आवाज येतो.

टिंग.

माझी सुरुवातीची दहा वर्षं कौतुकात गेली. आमचे धनराज सर फार कष्टाळू. त्यांनी माझ्यात शेकडो तुकडे शिजवले आणि शोधून काढलं की चौदाशे पन्नास अंशांवर दोन तास ठेवलं तर दाणे लहान राहतात आणि चकती सगळ्यात चिवट होते. पेपरात आमचा दोघांचा फोटो आला. त्यांचं नाव बरोबर छापलं होतं. माझ्याखाली 'ओव्हन' असं लिहिलं होतं. मी मनाला लावून घेतलं नाही.

मग ती खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मुखरूभाऊ दर वर्षी मला पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे आणि माझ्यासमोर जमिनीवर नारळ फोडायचे. त्या वर्षी लॅबमध्ये नवी फरशी बसली होती. फरशीवर काही आपटलं तर बघून घेईन, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. आता नारळ तर फोडायलाच हवा. मुखरूभाऊंनी चारी बाजूंनी विचार केला आणि माझ्या पाठीमागे बाहेर आलेल्या लोखंडी पट्टीवर नारळ ठॅककन हाणला. फरशी वाचली.

त्या पट्टीच्या खाली एक छोटी डबी होती. माझ्या पोटातली आच मोजणारी तार त्या डबीत येते आणि तिथून पुढे आकड्यांच्या पाटीला जोडली जाते. ती तार म्हणजे माझा डोळा. डबीचं झाकण कधीच हरवलेलं. नारळाचं पाणी सरळ आत गेलं. नंतर ते वाळलं, त्यातला क्षार दोन टोकांच्या मध्ये खपलीसारखा बसला, आणि माझा डोळा त्या दिवसापासून खोटं बोलायला लागला. पोटात पंधराशे चाळीस अंश पेटलेले असायचे आणि पाटीवर चौदाशे पन्नास. मला आतून कळत होतं. पण भट्टीच्या पोटाला कोण विचारतो? सगळे पाटी वाचतात.

त्यानंतरच्या चकत्या इतक्या सुंदर निघाल्या की सर हरखून गेले. "मुखरू, हात फिरवून बघ. काच आहे काच!" ते म्हणाले. मुखरूभाऊ हात जोडून म्हणाले, "पूजेचा गुण हाय, सर." आणि पुढच्या वर्षी फरशी जुनी झाली होती तरी नारळ त्याच पट्टीवर फुटला.

सरांनी त्यातल्या सात चकत्या सात राइस मिलना दिल्या. आमच्या भागात उकडा तांदूळ करतात. भिजवलेलं धान मोठ्या टाकीत भरतात, बॉयलरमधून वाफ सोडतात, मग वाफेचा कॉक, म्हणजे नळीवरची तोटी, बंद करून टाकीचं खालचं दार उघडतात आणि धान ओढून काढतात. या कॉकमधली लोखंडी चकती लवकर झिजायची. सर म्हणाले, "ही आमची लावून बघा. तुमची नातवंडं बदलतील." मी गरम होऊन गप्प होते.

दोन-तीन वर्षं गेली. सरांच्या हाताखाली रिना नावाची मुलगी संशोधनाला आली. सिंदेवाहीच्या पुढच्या एका खेड्यातली, बोलायला सडेतोड. सरांचे सगळे जुने प्रयोग पुन्हा करून बघायचे, हे तिचं काम. ती माझ्या अंगाला टेकून डबा खायची आणि फोनवर बोलायची, म्हणून तिच्या घरचं सगळं मला माहीत. तिची सुगंधामावशी गावातल्या बायांच्या गटाच्या मिलमध्ये धान उकडायला होती. सरांच्या सातांपैकी एक चकती त्याच मिलमध्ये बसली होती.

आषाढातली गोष्ट. मावशीचा फोन आला. मावशी नेहमी मिलच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलायची, त्यामुळे स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"पोरी, तुह्या कॉलेजवाली चकती बोलते व!"

"काय म्हणते?"

"टिंग म्हणते. कॉक बंद केला का टिंग. माह्या संगं कामाले असते ते बुधरी म्हणते भूत हाय. म्या म्हटलं, आपण भूतबित मानत नाई. आवाज येते म्हणजे काई ना काई कारण असन."

"चकतीले म्हण, रिना फोन ठेवून राह्यली. अभ्यास आहे," रिना हसत म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त उघडतं आणि बंद होतं. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात आमच्या लॅबमधलं कपाट बोलायला लागलं. बाहेर झड लागली होती, भिंतींना ओल आली होती. सकाळी साडेदहाला कपाटातून टिंग. पावणेबाराला टिंग. दुपारी कोणी चहाचा पहिला घोट घेतला की टिंग. आत नुसते जुने ट्रे होते, माझ्यात शिजलेले तुकडे तारखा घालून ठेवलेले. धनराज सर म्हणाले, "उंदीर आहेत. अर्ज करा." उंदरांसाठीचा अर्ज तीन प्रतींत लागतो, त्यामुळे तो कोणी केला नाही. मुखरूभाऊंनी कपाटाला लिंबू-मिरची बांधली आणि खबरदारी म्हणून माझ्याही दाराला एक लिंबू अडकवलं.

"भाऊ, हे लिंबू काढा. दार लागत नाई," रिना म्हणाली.

"राहू दे पोरी. बसवलं तं बसवलं."

"भूत लिंबाले कशाले भेईन?"

"ते त्याले माहीत. आपल्याले काय करा लागते? मी रिटायर होईपर्यंत त्यानं आत राहावं, बस."

रिना स्टूल घेऊन कपाटासमोर बसली. दार सताड उघडं टाकून तिने कान लावला. टिंग झालं की तो ट्रे बाहेर काढायची. तिसऱ्या दिवशी टेबलावर दोन रांगा झाल्या. बोलणारे ट्रे सगळे एका खंडेनवमीनंतरचे. त्याच्या आधीचे सगळे मुके. सगळ्यांवर एकच लिहिलं होतं, चौदाशे पन्नास अंश, दोन तास.

"एकच कृती, अन् अर्धे बोलतात," ती म्हणाली. तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. माझ्या विटांवरही आला असता.

ओलीने बोलतात तर वाफेत काय करतील, हे तिला बघायचं होतं. त्यासाठीचं कॉलेजमधलं यंत्र बंद होतं आणि दुरुस्तीची फाइल कोणाच्या तरी टेबलावर मुक्कामाला होती. मुखरूभाऊंनी घरून पाच लिटरचा कुकर आणला. दोन मुके तुकडे, दोन बोलके तुकडे, खाली पाणी, आणि सकाळी साडेसहापासून पाच तास शेगडीवर. शिट्ट्या ऐकून दोन प्राध्यापक जेवायला आहे का म्हणून डोकावून गेले.

कुकर उघडला. मुके तुकडे होते तसेच. बोलक्यांपैकी एकाचे दोन भाग झाले होते. दुसरा रिनाने चिमट्याने उचलून बोटांत धरला आणि तो खडूसारखा तिच्या बोटांतून सांडला.

मुखरूभाऊ वाकून बघत राहिले. "बाप्पा! वाफेत तं धान उकडते. फुटत नाई."

रिनाच्या हातातला चिमटा खाली पडला. 

"भाऊ, किती वाजले?"

"साडेअकरा. काऊन?"

साडेअकराला मावशी पहिली टाकी खाली करते. रिनाने फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो माझ्या डोक्यावर ठेवला. घंटी वाजत राहिली. कट झाली. परत लावला. परत तेच. टेबलावरचा एक ट्रे म्हणाला, टिंग. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला.

"हॅलो, कोन?"

"बुधरीबाई, मी रिना. मावशी कुठी आहे?"

"टाकीपाशी. दार उघडाले गेली. मी सांगतो तिले, नंतर फोन..."

"तिले थांबवा! दार उघडू देऊ नका!"

"काऊन पोरी?"

"अगोदर धरा तिले, काऊन मंग सांगतो!"

तिकडे फोन पोत्यावर पडल्याचा आवाज झाला. मग मिलची घरघर. मग धावणारे पाय. मग काहीच नाही. मुखरूभाऊंनी माझ्या दाराचं लिंबू मुठीत घट्ट धरलं होतं. दोन मिनिटं गेली असतील. माझ्या पोटात एकेका चकतीने दोन-दोन तास काढले आहेत, पण इतका वेळ मला कधीच लागला नव्हता. फोनमधून वाफेचा एक लांब फुसकारा आला. त्यामागून कोणीतरी किंचाळलं.

मग मावशीचा आवाज. "काऊन व, कोन मेलं?"

रिना माझ्या पायाशी बसून रडायला लागली.

"मावशी, तू बरी आहे?"

"मी बरी हाय. बुधरीनं असा पदर ओढला का टर्रकन फाटला, अन् बोंबलली तेच. नवा होता लुगड्याचा पदर."

"दार उघडलं का?"

"नाई. कडीले हात लावतच होतो."  मिलच्या आवाजातही तिचा श्वास ऐकू येत होता. "कॉक बंद हाय पोरी. म्या सोता बंद केला. अन् तरी दाराच्या फटीतून वाफ येऊन राह्यली."

"दूर व्हा सगळ्या. बॉयलरचा मोठा कॉक बंद कराले लावा."

"लावला. तेवढी अक्कल हाय आमाले." मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्या सांगतलं होतं तुले, चकती बोलते म्हणून. तू म्हणली, अभ्यास हाय."

दुसऱ्या दिवशी रिना बसने गावी गेली आणि चकती घेऊन आली. कॉक उघडला तेव्हा चकतीचे तीन तुकडे होऊन जागेवरच बसले होते, नुसत्या सवयीने. वाफ त्यांच्या मधून जात होती. मावशीने ती कडी सरकवली असती, तर उकळतं धान आणि वाफ सरळ तिच्या तोंडावर आली असती.

मग रिनाने शेजारच्या विभागातून आच मोजायची दुसरी तार मागून आणली आणि माझ्या पोटात सोडली. माझी पाटी म्हणाली चौदाशे पन्नास. तिची म्हणाली पंधराशे चाळीस. तिने माझी पाठ भिंतीपासून सरकवली, डबी उघडी केली आणि पांढऱ्या खपलीतून नखाने एक तांबूस कपचा बाहेर काढला.

"हे काय आहे, भाऊ?"

मुखरूभाऊंनी तो हातात घेतला, नाकाशी नेला. त्यांचा चेहरा उतरला. "हे तं खोबरं हाय."

ते स्टुलावर बसले. "मी तं चांगल्यासाठीच फोडला होता," ते एवढंच म्हणाले.

"माहीत आहे, भाऊ."

त्यांनी उठून माझा वाळका हार काढला. लिंबूही काढलं. कोणी सांगितलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी धनराज सरांनी दार उघडं ठेवून उरलेल्या सहा मिलच्या मालकांना स्वतः फोन केले, आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, "माझी चूक झाली आहे, चकती आजच काढा." त्या खंडेनवमीनंतर छापून आलेल्या निष्कर्षांतले आकडे चुकीचे आहेत, असं पत्रही त्यांनी ते छापणाऱ्यांना पाठवलं. त्यांचा पेपरातला फोटो मी पाहिला होता. पण सर मला त्या दिवशी जास्त रुबाबदार दिसले.

सहा चकत्या परत आल्या. दोन फुटलेल्या, चार अजून सुंदर. सातवी आली नाही. एटापल्लीकडची ती मिल कधीच बंद पडली होती. बॉयलर, नळ्या, कॉक, सगळं कोणीतरी उचलून नेलं होतं आणि कुठे नेलं हे कोणाला सांगता येईना.

आता नवी भट्टी आली आहे. मला आणि कपाटाला जिन्याखाली हलवलं आहे. बाकीचे ट्रे रिनाने तपासायला नेले, कपाटात फक्त त्या सहा चकत्या आहेत. मुखरूभाऊ रिटायर झाले तरी खंडेनवमीला येतात. नारळ गेटाबाहेर फोडतात. मग चष्मा लावून रिनासोबत माझ्या पोटात दुसरी तार सोडतात आणि दोन्ही पाट्यांवरचे आकडे जुळेपर्यंत हलत नाहीत. जुळले की खोबरं वाटतात. मित्रांनो, माझी हीच पूजा करा. मला हार नको, मला दरवर्षी तपासा. यंत्राचा आकडा रोज वाचणाऱ्याने कधीतरी त्या आकड्याच्या मागे हात घालूनही बघावं.

पावसाळ्यात कपाट अजून बोलतं. मी आवाज मोजते. सहाही जणींचे आवाज मला ओळखू येतात, माझीच पोरं आहेत ती. या आषाढात एका ओल्या दुपारी मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग बराच वेळ शांतता. आणि मग सातवा.

तो कपाटातून आला नव्हता. फार लांबून आला होता.

तुमच्या गावात कुठे उकड्याची मिल असेल, आणि तिथल्या वाफेच्या कॉकमधून बारीक टिंग ऐकू आलं, तर जवळ जाऊ नका. घरच्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. ते म्हणतील भूत आहे, ते म्हणतील उंदीर आहे, ते म्हणतील अभ्यास कर.

तुम्ही परत सांगा.